गॅस संपत नाही, गळतो

उन्हाळा तापू लागला की जुन्या मोटारींच्या मालकांना गॅरेजांत एकच निदान ऐकावे लागते: ‘गॅस संपला, भरून घ्या.’ शिर्डीच्या भाविकांची ने-आण करणारा टॅक्सीचालक असो वा कर्ज काढून वापरलेली गाडी घेणारा शिक्षक, तो मुकाट्याने पैसे मोजतो. पुढल्या चैत्रात पुन्हा तेच. या रिवाजाला देखभाल म्हणणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतण्याला पाणीपुरवठा म्हणण्यासारखे आहे.

वातानुकूलनाचा वायू पेट्रोलसारखा जळून जात नाही. कॉम्प्रेसर, कंडेन्सर आणि इव्हॅपोरेटर यांच्या बंद वाटेने तोच वायू फिरत राहतो. कालांतराने सांध्यांतून थोडा झिरपतो, हे खरे. परंतु दरवर्षी भरावा लागत असेल, तर झिजलेल्या रबरी कड्यातून, नळीतून वा खडी लागलेल्या कंडेन्सरमधून तो गळतो आहे. आधी गळती शोधावी, भाग बदलावा, व्हॅक्यूम पंपाने आतील हवा व ओलावा काढावा आणि मगच ठरलेल्या वजनाचा वायू भरावा, ही खरी रीत. कित्येकदा तर वायूचा दोषच नसतो. केबिन फिल्टर धुळीने बुजलेला असतो.

‘गाडीतला गारवा ही चैन, समाजवाद्यांना तिच्याशी काय कर्तव्य?’ हा आक्षेप फसवा आहे. चालकाची गाडी हीच त्याची कामाची जागा. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांहून जड मालमोटारींत वातानुकूलित केबिन सरकारनेच सक्तीची केली आहे. उद्या याच मालमोटारी जुन्या होऊन छोट्या मालकांच्या हाती येतील. तेव्हा दुरुस्तीचे ज्ञान नसेल, तर कायद्याने दिलेला गारवा गळतीतून निघून जाईल.

हानी एकट्या मालकाची नाही. जुन्या मोटारींत सर्रास असणारा आर-१३४ए हा वायू, शंभर वर्षांच्या हिशेबाने, आपल्या वजनाच्या सुमारे १,४०० पट कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. एका लहान मोटारीत तो सुमारे अर्धा किलो असतो. तापणाऱ्या हवामानाचे चटके प्रथम पर्जन्यछायेतील कोरडवाहू शेतकऱ्यालाच बसतात. भारताने २०२१ मध्ये किगाली दुरुस्तीला मान्यता दिली. पण अशा वायूंच्या वापरातील कपात २०३२ पासून सुरू होणार. तोवर गळतच राहू द्यायचे काय?

मेकॅनिकला दोष देऊन कार्यभाग साधणार नाही. ज्याला प्रशिक्षण मिळाले नाही आणि ज्याच्यापाशी वायू परत काढून घेणारे यंत्र नाही, तो आणखी काय करणार? केंद्राच्या २०१९ च्या शीतकरण कृती आराखड्यात २०२२-२३ पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट होते. त्यांपैकी पारनेर-पाथर्डीच्या वाट्याला किती आले, याचा जाब कार्यकर्त्यांनी विचारला पाहिजे.

हा जिल्हा विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या सहकाराचा आहे. एकट्या शेतकऱ्याला साखर कारखाना परवडला नसता; प्रवरानगरला तो अनेकांनी मिळून उभा केला. एका गॅरेजला न परवडणारे यंत्र दहा गॅरेजांनी मिळून घेता येते. प्रत्येक तालुक्याच्या आयटीआयमध्ये हे शिक्षण आणि चालक-मेकॅनिकांची सहकारी कार्यशाळा, ही मागणी चळवळीने हाती घ्यावी. घागर सांधल्याखेरीज पाणी ओतण्यात अर्थ नाही.