शिट्टी कोणाच्या हाती?

बालवीर पथक, मुलांचे शिबिर, शेकोटी, गडावरची सहल हे शब्द कानी पडले की आपल्या पुष्कळ कार्यकर्त्यांच्या चेहऱ्यावर एक सहनशील स्मित उमटते. मोर्चा, सत्याग्रह, संप, निवडणूक ही खरी कामे. मुलांना घेऊन रानात जाणे हा हौशी शिक्षकांचा आणि निवृत्त गृहस्थांचा विरंगुळा, असे त्या स्मितामागचे गृहीतक असते. हे गृहीतक नुसते चुकीचे नाही, ते घातक आहे. दहा ते सोळा या वयात मूल हुकूम मानावयास शिकते की निर्णय घ्यावयास शिकते, यावर ते पुढे कोणत्या प्रकारचे नागरिक होणार हे पुष्कळ अंशी ठरते. ज्यांना लोकशाही समाजवादाचे काम करावयाचे आहे, त्यांना हा प्रश्न शाळेच्या शिक्षकखोलीत सोडून देऊन मोकळे होता येणार नाही.

प्रथम आक्षेपकांची बाजू न्यायाने मांडली पाहिजे. बालवीर चळवळ साम्राज्यशाहीच्या पोटी जन्मली, यात वाद नाही. तिचा प्रवर्तक रॉबर्ट बेडन-पॉवेल हा ब्रिटिश लष्करातील अधिकारी. बोअर युद्धात, १८९९-१९०० साली, माफेकिंगच्या वेढ्यात निरोप पोचविण्याच्या कामी लावलेले मुलांचे पथक त्याने पाहिले होते. १९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी बेटावर त्याने प्रायोगिक शिबिर भरविले आणि १९०८ साली 'स्काउटिंग फॉर बॉइज' हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्या पुस्तकातील मूळ नियमांत राजाशी, अधिकाऱ्यांशी आणि देशाशी निष्ठा सांगितली आहेच. पण तिच्या जोडीला नोकरी देणाऱ्या मालकाशीही निष्ठा सांगितली आहे! मालकनिष्ठा हे पोरवयातील मुलाचे शील ठरविणारी शिकवण कोणाच्या सोयीची होती, हे निराळे सांगावयास नको. भारतात ही चळवळ १९०९ साली आली ती गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरती. या देशातील मुलांना तिचे दार बंद होते. म्हणूनच पुढे ॲनी बेझंट यांना मद्रासेत, आणि मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांना उत्तर भारतात स्वतंत्र संघटना उभाराव्या लागल्या. स्वातंत्र्यानंतर, १९५० साली, या निरनिराळ्या प्रवाहांचे एकीकरण होऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था अस्तित्वात आली.

मग अशा कुळीच्या चळवळीशी आपला संबंध काय? जगभरच्या समाजवाद्यांनी या प्रश्नाला फार पूर्वीच उत्तर दिले आहे. रशियन क्रांतीनंतर १९२२ साली क्रुपस्कायाबाईंनी बालवीर चळवळीची कठोर चिकित्सा केली. तिचा आशय त्याज्य आहे, पण मुलांना आपलेसे करणारी तिची पद्धती शिकून घेण्यासारखी आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. इंग्लंडमध्ये १९२५ साली लेस्ली पॉल या अवघ्या वीस वर्षांच्या तरुणाने सहकारी चळवळीच्या आधाराने 'वुडक्राफ्ट फोक' ही संघटना काढली. मुले आणि मुली एकत्र, गणवेशी लष्करी थाटाला फाटा, आणि शांतता व सहकार्य ही शिकवण. ती संघटना आजही काम करते. जर्मनीत कुर्ट लोव्हेनस्टाइन यांच्या प्रेरणेने १९२७ साली कील शहराजवळ झेकाम्प येथे कामगारांच्या मुलांचे 'बालप्रजासत्ताक' भरले. तंबूंची गावे वसली, गावांचे प्रतिनिधी मुलांनी निवडले, आणि शिबिराचा कारभार त्या प्रतिनिधींच्या सभेत चालला. १९३३ साली हिटलर सत्तेवर येताच ज्या संघटना त्याने चिरडल्या, त्यांत ही बालसंघटनाही होती. मुलांच्या तंबूत चालणाऱ्या लोकशाहीचे महत्त्व हुकूमशहाला कळले. ते आपल्या कार्यकर्त्यांना कळू नये, ही खेदाची गोष्ट आहे.

आणि दूर कशाला जावयाचे? डॉ. ना. सु. हर्डीकरांनी १९२३ साली स्वयंसेवकांचे जे संघटन सुरू केले, ते याच गरजेतून. १९४१ साली राष्ट्र सेवा दलाची नव्याने बांधणी होऊन एस. एम. जोशी दलप्रमुख झाले, तेव्हा धर्मांध संघटना लहान मुलांना मैदानावर गोळा करीत होत्या आणि राष्ट्रीय चळवळीपाशी त्या वयाच्या मुलांसाठी फारसे काही नव्हते. साने गुरुजींनी ज्या मुलांवर आपला जीव पाखडला, ती मुले-मुली एकाच शाखेत खेळली, एकाच पंगतीत जेवली. सहभोजनाचा ठराव मांडणे निराळे आणि दहा वर्षांच्या मुलाला त्यात काही विशेष आहे असे वाटूच नये अशी परिस्थिती निर्माण करणे निराळे. दुसरे काम अधिक अवघड आहे, आणि ते मैदानावर आणि शिबिरातच होते.

आता या पद्धतीचे मर्म काय ते पाहू. ते गणवेशात नाही, गळ्यातील रुमालात नाही आणि संचलनात तर नाहीच नाही. ते आहे सहा-आठ मुलांच्या लहान तुकडीत आणि त्या तुकडीवर सोपविलेल्या खऱ्या जबाबदारीत. शिबिराच्या पहिल्या दिवशी तुकडीच्या हाती चार वेळांचा शिधा मोजून द्यावा: तांदूळ, डाळ, तेल, मीठ, कांदे-बटाटे. स्वयंपाक मुलांनी करावा. पहिल्याच रात्री निम्मा तांदूळ संपला, तर दुसऱ्या दिवशी काय करावयाचे याची चर्चा त्यांनीच करावी. शेजारच्या तुकडीकडे शिल्लक असेल तर मागावे कसे आणि दिलेले परत करावे कसे, हेही त्यांनीच ठरवावे. अशा एका रात्रीत वाटपाचे जे अर्थशास्त्र कळते, ते दहा व्याख्यानांनी कळत नाही. ताडपत्री वाऱ्याच्या कोणत्या बाजूस बांधावयाची, पाऊस आला तर पाणी वाहून जाण्यासाठी चर कोठे खणावयाचा, रात्रीचा पहारा कोणी कधी करावयाचा, भांडी घासण्याची पाळी मुलींकडेच पुन्हा पुन्हा का येते, हे सारे प्रश्न तुकडीच्या बैठकीत यावेत. आणि डोंगरवाटेचा एक नियम तर कोरून ठेवावा असा आहे: तुकडी सर्वांत हळू चालणाऱ्याच्या गतीने चालते. पुढे धावणाऱ्याला शाबासकी देण्याचा प्रघात सगळीकडेच आहे. मागे राहणाऱ्यासाठी थांबणे हाच शिस्तीचा भाग मानणारी जागा मुलांना एखादी तरी मिळावयास हवी.

या सगळ्यात मोठ्यांचे काम काय? ते सर्वांत कठीण आहे: हात मागे घेणे. पथकाचा प्रमुख चांगला की वाईट याची कसोटी सोपी आहे. तो शिबिरातून अर्धा दिवस दूर राहिला तर शिबिर चालते की कोलमडते? शिट्टी सतत त्याच्याच तोंडी असेल, तर त्याने पथक घडविलेले नाही, आपल्यासाठी प्रेक्षक जमविले आहेत. अर्थात हात मागे घेणे म्हणजे डोळे मिटणे नव्हे. खोल पाणी, कडा, आग आणि विजा या बाबतीत शेवटचा शब्द मोठ्यांचाच राहील, आणि तो का राहतो हे मुलांना आधी समजावून सांगितले जाईल. शिबिरात कोणताही एक प्रौढ एखाद्या मुलासोबत एकटा राहणार नाही, पालकांना केव्हाही येऊन पाहण्याची मुभा असेल, हे नियमही तडजोडीवाचून पाळले पाहिजेत. मुलांवरील अत्याचार सत्प्रवृत्त संघटनांतही दडपले गेले आहेत. 'आपली माणसे' या शब्दाच्या आड लपण्याचा अधिकार कोणालाच नाही.

आज सर्वत्र जे दिसते ते मात्र याच्या नेमके उलट आहे. कित्येक शाळांतील पथक वर्षातून दोनदा जागे होते: पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला. पाहुणे येतात, मुले उन्हात उभी राहतात, प्रमाणपत्रे वाटली जातात. ज्याला गणवेशाचा खर्च झेपत नाही, तो मुलगा आपोआप रांगेबाहेर राहतो आणि त्याची अनुपस्थिती कोणाच्या लक्षातही येत नाही. 'समाजसेवा' म्हणून आधीच झाडलेल्या आवारात मुलांच्या हाती झाडू देऊन छायाचित्र काढले जाते. ज्या सफाई कामगाराने पहाटे ते आवार झाडले, त्याचे नाव, त्याची मजुरी, त्याची वस्ती यांविषयी मुलांना अवाक्षर सांगितले जात नाही. सेवेचा हा देखावा सेवा न करण्याहून वाईट आहे, कारण तो मुलांना ढोंग शिकवतो.

गडसहलींचेही तेच. शेकडो मुले सह्याद्रीतील गडांवर नेली जातात, घोषणा होतात, इतिहासाचे पोवाडे होतात आणि सायंकाळी गाड्या परत फिरतात. गडाच्या पायथ्याशी ठाकरांची, महादेव कोळ्यांची, कातकऱ्यांची वाडी असते. तिच्यातूनच वाट जाते. पण तेथे कोणी थांबत नाही. रायगड-ठाणे परिसरातील पुष्कळ कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे नाताळच्या सुटीत शहरातील मुलांचे निसर्गशिबिर भरते, तेव्हा त्या वाडीतील त्याच वयाची मुले कोठेतरी विटांच्या थप्प्यांजवळ असतात आणि त्यांची शाळा बुडत असते. बंद घरांपुढून जाणाऱ्या पथकाला 'ही घरे बंद का आहेत?' असा प्रश्न पडत नसेल, तर त्या पथकाने डोंगर पाहिला असेल, देश पाहिलेला नाही.

म्हणून बाहेरचे उपक्रम आणि समाजाचे उपक्रम ही दोन निराळी खाती मानणे आपण सोडून दिले पाहिजे. नकाशा काढणे ही बालवीरांची जुनी विद्या आहे. होकायंत्र, पावलांनी अंतर मोजणे, खुणांची चिन्हे हे सारे त्यांना शिकवले जातेच. हीच विद्या घेऊन तुकड्यांनी आपल्या गावाचा किंवा वस्तीचा नकाशा काढावा. विहिरी, हातपंप आणि नळ कोठे आहेत? दोरीला दगड बांधून मोजले, तर विहिरीचे पाणी मार्गशीर्षात किती खोल आणि चैत्रात किती? दलित वस्तीपासून पाणी किती पावलांवर, आणि सरपंचांच्या वाड्यापासून किती? पाणी कोण वाहते, आणि दिवसाचे किती तास? हा नकाशा मोठ्या कागदावर काढून मुलांनी ग्रामसभेत भिंतीवर लावावा. त्यावर कोणत्याही पक्षाचे चिन्ह नको, घोषणाही नको. मोजलेली अंतरे पुरेशी बोलकी असतात.

येथे दोन बाजूंनी ओरड होईल. एक बाजू म्हणेल, मुलांना राजकारणात ओढता. पावले मोजणे हे राजकारण असेल, तर ते राजकारण मोजणाऱ्या मुलांनी आणलेले नाही. ज्यांनी विहीर कोठे खणावयाची हे ठरविले, त्यांनी ते आधीच आणून ठेवले आहे. दुसरी ओरड आपल्याच घरातून होईल: एवढे करता तर पक्षाचा झेंडा, पक्षाची गाणी, पक्षाची शपथ का नाही? त्यांना सोव्हिएत पायोनियर संघटनेची आठवण करून दिली पाहिजे. क्रुपस्कायाबाईंनी पद्धती घेतली, आशय बदलला. पण थोड्याच वर्षांत रुमालाचा रंग तेवढा लाल राहिला आणि आज्ञा पूर्वीसारखीच वरून खाली येऊ लागली. मुलांना आपल्या घोषणा पाठ करावयास लावणे आणि दुसऱ्यांनी त्यांच्या घोषणा पाठ करावयास लावणे यांत लोकशाहीच्या दृष्टीने फारसे अंतर नाही. जो मुलगा आपल्या शिबिरात वाढून उद्या आपल्यालाच अडचणीचा प्रश्न विचारील, तो आपल्या कामाचा पराभव नसून पुरावा ठरेल.

डॉ. लोहियांनी कार्यकर्त्यांपुढे मत, फावडे आणि तुरुंग अशी त्रिसूत्री ठेवली होती. मताचा हिशेब आपण नित्य करतो, तुरुंगाच्या आठवणीही अभिमानाने सांगतो. फावडे मात्र कोपऱ्यात गंजत पडले आहे. ते पुन्हा हाती घ्यावयाचे तर त्याचा आरंभ प्रत्येक तालुक्यात एका लहान पथकाने होऊ शकतो. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. आठवड्यातील एक ठरलेला दिवस, दोन खंबीर प्रौढ (त्यांत एक स्त्री), चार दोर, दोन ताडपत्र्या, काही पातेली, एक होकायंत्र आणि प्रथमोपचाराची पेटी एवढे पुरे. गणवेश ठेवू नये. ठेवावयाचाच तर सामाईक निधीतून सर्वांना द्यावा. मुले-मुली एकत्र असावीत. कोणत्याही तुकडीत एकाच जातीची, एकाच आळीची मुले असू नयेत, याकडे मात्र आरंभी मोठ्यांनी जाणीवपूर्वक लक्ष पुरवावे, कारण आपोआप जे घडते ते आपल्या समाजात जातीप्रमाणेच घडते. आणि वर्ष संपता संपता शिट्टी मुलांतील नायकाच्या हाती गेली पाहिजे. तोही दर काही महिन्यांनी बदलला पाहिजे.

मैदान रिकामे राहत नसते. आपण गेलो नाही तर दुसरे जातात, आणि गेलेही आहेत. ते मुलांना रांगेत उभे राहण्यास शिकवतील, शत्रू कोण हे शिकवतील, प्रश्न न विचारण्यास शिकवतील. त्यांच्यावर टीकेचे लेख लिहून ती मुले परत मिळणार नाहीत. रविवारी सकाळी सात वाजता, हाती दोर आणि पाठीवर पातेली घेऊन, त्या मैदानावर कोणी तरी हजर असावे लागते.