बेल्ट नको, काता शिकवा

गेल्या महिन्यात आमच्या कराटेच्या क्लासमध्ये एका विद्यार्थिनीला बाजूला बसवलं. वय वर्षं बेचाळीस. पोळीभाजी केंद्र चालवते. दिवसभर तव्यापुढे उभी राहून संध्याकाळी सातच्या क्लासला धावतपळत येते, आणि दोन वर्षांत तिच्या गैरहजेऱ्या बोटांवर मोजण्याइतक्याच. तिचा गुन्हा एवढाच की तिने यलो बेल्टची परीक्षा दिलेली नव्हती. परीक्षेची फी बाराशे रुपये, आणि त्याच महिन्यात मुलाचं कॉलेजचं फीचं प्रकरण निघालेलं. 'परीक्षा नाही तर पुढचा काता नाही' असा आमच्याकडे नियम आहे. त्यामुळे आठ-नऊ वर्षांची पोरं दुसरा काता शिकत होती आणि ही बाई भिंतीला टेकून, पिशवी मांडीवर घेऊन बघत बसली होती. दुसऱ्या दिवसापासून ती यायची बंद झाली.

फी भरली नाही म्हणून वर्गाबाहेर उभी केलेली मुलं मी चौतीस वर्षांच्या नोकरीत पाहिली आहेत, आणि खोटं कशाला बोलू, तेव्हा मी गप्प बसले आहे. आता निवृत्त आहे, सत्तरी ओलांडली आहे, मला कोणी बढती देणार नाही की बदली करणार नाही. तेव्हा यावेळी गप्प बसायचं नाही असं ठरवलं. म्हणून हे लिहिते आहे.

आधी माझं सांगते, म्हणजे ही म्हातारी कराटेत काय करतेय हा प्रश्न मिटेल. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, साठी झाल्यावर मी या क्लासला जायला लागले. नातवाला सोडायला जायचे, तासभर बाकावर बसून कंटाळायचे. एक दिवस सर म्हणाले, "बाई, नुसत्या बसता त्यापेक्षा उभ्या राहा की." हे सर म्हणजे माझाच विद्यार्थी, पाचवी-सहावीत माझ्या वर्गात होता. बाहेर मी त्याला अरे-तुरे करते, क्लासमध्ये मात्र वाकून नमस्कार करते आणि 'सर' म्हणते. सुरुवातीला दोघांनाही हसू यायचं. नातवाने सहा महिन्यांत क्लास सोडला, मी राहिले.

साठाव्या वर्षी काही नवीन शिकायचं म्हणजे काय असतं हे ज्याने केलं नाही त्याला सांगून कळणार नाही. कराटेतला साधा ठोसा घ्या. एक मूठ पुढे जाते तेव्हा दुसरी तितक्याच जोराने कंबरेकडे मागे यायला हवी. इतकंच. मला ते जमायला चार महिने लागले. पुढचा हात जायचा, मागचा लोंबकळत राहायचा. मागच्याकडे लक्ष दिलं की पुढचा अर्ध्यात थांबायचा. सर 'इची, नी, सान' मोजत असायचे, सगळी पोरं पाचव्या ठोशावर आणि मी अजून तिसऱ्यावर. डावं की उजवं हे कळेना. माझ्या शेजारची सात वर्षांची चिमुरडी हळूच माझ्या पायाला पाय लावून सांगायची, "आजी, हा."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की शेवटच्या बाकावरचा 'ढ' मुलगा काय सोसत असतो. मी जन्मभर पहिल्या पाचातली. मराठीत बी.ए. झाले, बी.एड. झाले, लगेच नोकरी लागली. 'इतकं सोपं आहे, तुला कसं येत नाही?' हे वाक्य मी किती पोरांना म्हटलं असेल! तेच वाक्य आता माझं शरीर मला ऐकवत होतं. बुद्धीला कळलेलं आणि अंगाला आलेलं यात केवढी दरी असते, हे मला नोकरीत असताना कळलं असतं तर मी बरी शिक्षिका झाले असते. असो.

तर वर्षभराने यलो बेल्टची परीक्षा आली. एका मंगल कार्यालयात शे-सव्वाशे मुलं, त्यांचे आईबाप, मोबाइलवर शूटिंग, बाहेर वडापावची गाडी. परीक्षक बाहेरगावचे. मला हेइआन शोदान हा पहिला काता करून दाखवायचा होता. यात एकवीस हालचाली असतात आणि तो जिथे सुरू होतो तिथेच संपायला हवा. मधे, पुढे जाऊन ओरडल्यानंतर, पाऊण गिरकी घेऊन वळायचं असतं. मी घाबरून पाव गिरकीतच थांबले आणि भलत्याच भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. पुढचं सगळं त्या हिशेबाने उलटं झालं. मागे परत यायच्या ऐवजी मी पुढे पुढेच गेले, आणि शेवटचा पवित्रा घेतला तेव्हा परीक्षकांच्या टेबलाला जवळजवळ टेकले होते. त्यांनी चहाचा कप उचलून बाजूला घेतला.

आणि मी पास झाले! अर्ध्या तासात प्रमाणपत्र हातात. त्यावर छापील अक्षरांत 'उत्कृष्ट' लिहिलेलं. सगळ्यांच्याच प्रमाणपत्रावर तेच लिहिलेलं होतं, कारण ती आधीच छापून आणलेली होती. सव्वाशेतलं एकही मूल नापास नाही.

मी घरी येऊन तो पिवळा बेल्ट कपाटावर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी नेऊन सरांना परत दिला. म्हटलं, "मला काता आला नाही." सर म्हणाले, "बाई, तुम्ही मनाला फार लावून घेता." तेव्हापासून आजतागायत माझ्या कंबरेला पांढराच बेल्ट आहे. ज्येष्ठ म्हणून मला पुढचे काता शिकवले गेले, नियम माझ्यासाठी वाकवला गेला. पोळीभाजीवाल्या बाईसाठी तो वाकला नाही. हे मला जास्त लागलं.

आमच्या क्लासच्या भिंतीवर फुनाकोशी गिचिन यांचा फोटो आहे. त्याला हार असतो, परीक्षेच्या दिवशी उदबत्तीही लागते. मला नेहमी वाटतं, हार घालणाऱ्यांनी त्या फोटोतल्या आजोबांची माहिती जरा वाचावी. १८६८ साली ओकिनावा बेटावर जन्मलेला हा माणूस पेशाने शाळामास्तर होता. त्यांचे एक गुरू इतोसू. त्यांनीच १९०१ साली ओकिनावातल्या शाळेत कराटे नेलं आणि मुलांना झेपावेत म्हणून ते पाच सोपे काता बसवले. आम्ही करतो तो हेइआन शोदान त्यातलाच. म्हणजे शाळेशी कराटेचं नातं जुनं आहे, म्हणून एका शाळामास्तरणीने यात बोलण्यात आगाऊपणा नाही. फुनाकोशी १९२२ साली तोक्योला गेले तेव्हा पन्नाशी उलटलेली होती. तिथे ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहून, झाडलोट करून त्यांनी शिकवलं. तेक्की नावाचे तीन काता नीट यायला आपल्याला दहा वर्षं लागली, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. तीन कातांना दहा वर्षं! आमच्याकडे तीन कातांना तीन परीक्षा आणि एकच वर्ष.

आणि ज्या बेल्टसाठी हा सगळा खटाटोप, तो मुळात कराटेचा नाहीच. ओकिनावात बेल्ट नव्हते, श्रेण्या नव्हत्या. ही पद्धत ज्यूदोची. ज्यूदोचे जनक कानो जिगोरो यांनी १८८२ साली आपली शाळा काढली आणि त्यानंतर 'दान' या श्रेण्या आणि काळा बेल्ट सुरू केला. (तेही शिक्षकच. आम्हा मास्तरांची खोड जगभर सारखीच.) फुनाकोशींनी ती पद्धत १९२४ साली कराटेत घेतली. पिवळा, नारिंगी, हिरवा असे रंग तर त्याहूनही नंतरचे. त्यांचं श्रेय साधारणपणे १९३० च्या दशकात पॅरिसमध्ये ज्यूदो शिकवणाऱ्या कावाइशी यांना दिलं जातं. आमच्या सरांसकट सगळेच सांगतात की पूर्वी पांढरा बेल्ट वर्षानुवर्षं घामाने मळून काळा व्हायचा. ही दंतकथा आहे. आणि खरी असती तरी गंमतच म्हणायची, कारण आता काळा बेल्ट मळायच्या आधीच मूल क्लास सोडून स्केटिंगला जातं.

मी परीक्षेच्या विरुद्ध नाही. जन्मभर परीक्षाच घेतल्या, आता कोणत्या तोंडाने विरुद्ध बोलू? पण ज्या परीक्षेत नापास होता येत नाही तिला परीक्षा म्हणू नये. तिला विक्री म्हणावं. वाण्याकडे पैसे देऊन साखर घेतली तर वाणी 'उत्कृष्ट' असं प्रमाणपत्र देत नाही.

यावर कोणी म्हणेल, काय बिघडलं? पोरं खूश, आईबाप खूश. बिघडतं ते असं. आमच्या कॉलनीतल्या एका मुलीला तेराव्या वर्षी ब्लॅक बेल्ट मिळाला. कौतुक झालं, पेपरात फोटो आला. तिचे वडील मला म्हणाले, "आता हिची काळजी नाही, रात्री एकटी आली तरी चालेल." माझ्या पोटात गोळा आला. ती मुलगी आमच्याच क्लासची. तिने आजवर मारलेली प्रत्येक लाथ हवेत नाहीतर सरांच्या हातातल्या पॅडवर गेलेली आहे. इतकी वर्षं रोज सराव करणारी मी, उद्या मोटरसायकलवरून कोणी माझं मंगळसूत्र ओढलं तर ते सोडून देईन आणि बोंब मारत पळेन. क्लासमध्ये शिकलेली सगळ्यात उपयोगाची गोष्ट तीच, आणि सरांनीच ती शिकवली: आधी पळा. पण पळण्याला बेल्ट नाही. त्या वडिलांना हे सांगितलं तर त्यांना वाटलं, मला पोरीचं यश बघवत नाही.

गेल्या आठवड्यात मी सरांकडे गेले. भांडायलाच गेले होते. त्यांनी चहा मागवला आणि वही पुढे ठेवली. हॉलचं भाडं, विजेचं बिल, संस्थेला द्यायचा वाटा. महिन्याची फी चारशे रुपये, आणि तीही निम्मे पालक थकवतात. "परीक्षेच्या पैशावरच क्लास चालतो, बाई." हे खोटं नव्हतं. मी म्हटलं, "मग महिन्याची फी सहाशे कर. पालकांना तोंडावर सांग की शिकवण्याचे सहाशे. ज्याला परवडत नाही त्याला तू आणि मी मिळून बघू. पण बेल्ट विकू नकोस, आणि ज्याने विकत घेतला नाही त्याचं शिकणं थांबवू नकोस."

सर म्हणाले, "शिकवण्याचे सहाशे कोणी देत नाही. बेल्टचे बाराशे सगळे देतात." आणि मग जरा थांबून, "तुम्हीच वर्गात सांगायचात ना, परीक्षेत येणार नाही ते सोडून द्या म्हणून?"

मी सांगायचे. दरवर्षी, जानेवारी उजाडला की. धड्याखालची कविता परीक्षेला नाही म्हणून वगळलेली मला आठवते, आणि ती कविता मला स्वतःला फार आवडायची. या पोराने पाचवीत माझ्याकडून व्याकरण किती उचललं कोण जाणे, पण हे नेमकं उचललं. चहा थंड झाला. मला उत्तर सुचलं नाही ते अजून सुचलेलं नाही. पण माझी चूक होती म्हणून त्याची बरोबर ठरते, असं मला वाटत नाही.

मुलांचं एकवेळ सोडा. त्यांना बक्षीस लागतं, रंग लागतात, मान्य. पण मोठं माणूस बेल्टसाठी येत नाही हो. २०२१ साली झालेल्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये काताचं सुवर्णपदक स्पेनच्या सांद्रा सांचेझने जिंकलं, एकोणचाळिसाव्या वर्षी. ते मी पहाटेपासून टीव्ही लावून पाहिलं. आम्ही काही पदकं आणणार नाही. चाळिशी-पन्नाशीतली बाई क्लासला येते ती दिवसातला एक तास कोणाची आई, कोणाची सून नसावं म्हणून. तिला चुकायला जागा हवी असते आणि चूक झाली तर 'चुकलं' म्हणून सांगणारं माणूस हवं असतं. घरात तिला कोणी शिकवत नाही, सगळे नुसते सांगतात. अशा बाईला तुम्ही भिंतीला टेकवून बसवता?

परवा मी तिच्या केंद्रावर गेले. गर्दी होती, थांबले. ती म्हणाली, "बाई, आता जमायचं नाही, पोरांपुढे बसायची लाज वाटते." मी म्हटलं, "पहिला काता येतो ना नीट?" म्हणाली, "येतो. रात्री गच्चीवर करते." करून दाखव म्हटलं तर पिठाच्या हातांनी दोन टेबलांच्या मधल्या जागेत तिने तो केला. पाऊण गिरकी अचूक.

दुसरा काता तिला मी शिकवणार आहे. मला तसा काही अधिकार नाही, माझ्या कंबरेला पांढरा बेल्ट आहे, आणि त्यातली बाजूला मारायची लाथ माझ्याच्याने गुडघ्याच्या वर जात नाही. ती कशी असायला हवी ते तोंडाने सांगेन. सरांना तसं कळवलं आहे, त्यांचं उत्तर आलेलं नाही. रविवारी केंद्र बंद असतं. सकाळी सहाला नदीकाठच्या मैदानावर भेटायचं ठरलं आहे.