आखूड नळीचे शस्त्र, मोठी जबाबदारी

विजयादशमीला महाराष्ट्रात घरोघरी शस्त्रपूजन होते. ज्या घरी वाडवडिलांची तलवार आहे तिथे ती पाटावर मांडली जाते; जिथे ती नाही तिथे विळा-कोयत्याला, लेखणीला, कारागिराच्या हत्याराला गंधफूल वाहिले जाते. शस्त्राविषयीचा हा आदरभाव समाजाच्या रक्तातच आहे आणि त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. तथापि पूजेतील शस्त्र आणि कमरेला खोचलेले रिव्हॉल्व्हर यांच्यात जे अंतर आहे, त्याचा विचार आज करावा लागत आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यात एका सरपंचाची अत्यंत क्रूर हत्या झाली. त्यानंतर त्या एका जिल्ह्यात शस्त्रपरवान्यांची संख्या हजाराच्या वर असल्याचे महाराष्ट्रासमोर आले. हवेत गोळीबार करतानाच्या आणि कमरेचे शस्त्र मिरवतानाच्या चित्रफिती फिरू लागल्या. प्रशासनाने छाननी करून अनेक परवाने रद्द केले. आत्मसंरक्षणासाठी म्हणून मागितलेले शस्त्र प्रत्यक्षात कशासाठी वापरले जात होते, हा प्रश्न एकट्या बीडचा नाही. सराफ, शेतमालाचे व्यापारी, आडवाटेला राहणारे शेतकरी, इतकेच काय, शहरातील सुखवस्तू कुटुंबेही ‘एखादे रिव्हॉल्व्हर जवळ असावे’ असे बोलू लागली आहेत. त्यातही इच्छा असते ती लहान पण जबरदस्त शस्त्राची. खिशात मावावे, कुणाला दिसू नये आणि गोळी मात्र अशी असावी की समोरचा एका फटक्यात आडवा व्हावा.

बुलडॉगची कुळकथा

ही इच्छा नवी नाही. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीने १८७२ मध्ये ‘ब्रिटिश बुलडॉग’ नावाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले, ते नेमक्या याच मागणीसाठी. जेमतेम अडीच इंचांची नळी, पाच काडतुसे आणि पॉइंट ४४२ किंवा पॉइंट ४५० इंच व्यासाची, म्हणजे ११ मिलिमीटरहून जाड गोळी. कोटाच्या खिशात सहज राहणारे हे शस्त्र इतके लोकप्रिय झाले की बेल्जियम आणि अमेरिकेतील कारखान्यांनी त्याच्या असंख्य नकला केल्या. सद्गृहस्थांनी चोर-दरोडेखोरांपासून बचाव करावा म्हणून हे शस्त्र घडवले गेले. पण इतिहासात त्याचे नाव गाजले ते निराळ्याच कारणाने. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर चार्ल्स गिटो नावाच्या माथेफिरूने अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्या याच जातीच्या रिव्हॉल्व्हरमधून. उसन्या पैशांवर विकत घेतलेले हे शस्त्र उद्या संग्रहालयात शोभून दिसावे म्हणून त्याने हस्तिदंती मुठीचे निवडले होते. जे शस्त्र सज्जनाच्या खिशात लपते ते दुर्जनाच्याही खिशात तितक्याच सहजतेने लपते, हा धडा अमेरिकेला तेव्हाच मिळाला होता.

तरीही तिथे ही परंपरा खंडित झाली नाही. १९७३ मध्ये चार्टर आर्म्स या कंपनीने ‘बुलडॉग’ हेच नाव देऊन पॉइंट ४४ चे, पाच गोळ्यांचे, तीन इंची नळीचे आणि वजनाला सहाशे ग्रॅमच्या आसपास असे रिव्हॉल्व्हर काढले. १९७६-७७ मध्ये न्यूयॉर्क शहराला वेठीस धरणाऱ्या एका खुन्याने सहा जणांचे प्राण घेतले ते अशाच शस्त्राने. अर्थात लाखो कायदाप्रिय अमेरिकनांनीही अशी रिव्हॉल्व्हरे बाळगली आणि कुणावर एकदाही रोखली नाहीत, हेही तितकेच खरे.

शस्त्र लहान, साधना मोठी

अशा शस्त्राविषयी मोठा गैरसमज असा की ते लहान, म्हणून सोपे. वस्तुस्थिती उलट आहे. नळी आखूड झाली की काडतुसातील दारूला गोळी ढकलण्यास कमी अवकाश मिळतो; गोळीचा वेग घटतो आणि न जळलेली दारू नळीच्या तोंडाशी डोळे दिपवणाऱ्या भडक्याच्या रूपाने बाहेर पडते. बंद खोलीत तो आवाज कान बधिर करतो. नेम धरण्याच्या पुढच्या-मागच्या खुणा जवळ आल्याने हात केसभर हलला तरी गोळी वितीने चुकते. शस्त्र हलके आणि गोळी जड असल्यामुळे बसणारा धक्का तर असा की नवख्या माणसाचे मनगट दुसऱ्या गोळीपर्यंत सावरत नाही. परिणामी ज्याने वर्षाकाठी पंचवीस गोळ्याही झाडलेल्या नाहीत, त्याच्या हातातील असे रिव्हॉल्व्हर हल्लेखोरापेक्षा शेजारच्या निरपराध माणसाला अधिक धोकादायक ठरते.

हा केवळ तर्क नव्हे. १८८७ पासून ब्रिटिश सैन्याचे अधिकृत रिव्हॉल्व्हर पॉइंट ४५५ चे होते. साम्राज्याच्या रणांगणांवर शत्रूला जागीच थोपवणारी गोळी हवी, हा त्यामागील विचार. परंतु पहिल्या महायुद्धाच्या अनुभवानंतर त्याच सैन्याने १९३० च्या दशकाच्या आरंभी पॉइंट ३८ चे हलके रिव्हॉल्व्हर स्वीकारले. जाड गोळीचे शस्त्र सामान्य सैनिकाला थोड्या सरावात आवरत नाही, हे त्यामागचे प्रमुख कारण होते. जिथे गणवेशातील जवानाला ते पेलले नाही, तिथे दुकानाच्या गल्ल्यात ते ठेवून निश्चिंत झोपणाऱ्या गृहस्थाला कसे पेलावे?

नि:शस्त्र केलेल्या समाजाचे दु:ख

मग ‘सामान्य माणसाने शस्त्राचा विचारच करू नये’ असे म्हणणारी मंडळी बरोबर ठरतात काय? मुळीच नाही. त्यांना या देशाच्या जखमेचा विसर पडला आहे. १८७८ या एकाच वर्षी लॉर्ड लिटनच्या राजवटीने देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा केला आणि शस्त्रांचा कायदाही केला. लेखणी आणि तलवार एकाच वेळी हिरावून घेण्यात आली. युरोपियनांना मात्र या बंधनातून सूट होती. परवान्याच्या गैरसोयीपेक्षा हा अपमान अधिक जिव्हारी लागणारा होता. ज्या भूमीत मावळ्यांनी स्वराज्य उभे केले, तेथील माणसाला आपल्या रक्षणासाठी परक्या कलेक्टरपुढे हात जोडावे लागले.

म्हणूनच शस्त्रबंदी उठवण्याची मागणी ही राष्ट्रीय मागणी बनली. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा अधिकार नोंदवला. घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी याच ठरावाचा हवाला देऊन तो अधिकार राज्यघटनेत यावा असा आग्रह धरला. त्यास उत्तर देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडलेला विचार आजही मननीय आहे. ज्याला वाटेल त्याने बाजारात जाऊन हवे ते शस्त्र घ्यावे, अशा स्थितीत राज्य टिकू शकणार नाही. आणि आग्रह धरायचाच तर शस्त्र धारण करण्याच्या अधिकाराऐवजी राष्ट्रासाठी ते धारण करण्याच्या कर्तव्याचा धरावा, असे त्यांचे प्रतिपादन होते.

डॉ. मुंजे यांच्या कार्याची दिशाही हीच होती. १९३७ मध्ये त्यांनी नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल स्थापन केले. नि:शस्त्र झालेल्या समाजाच्या खिशात एकेक रिव्हॉल्व्हर पडावे, एवढ्याने त्यांचे समाधान होणार नव्हते. सैनिकी शिस्तीत वाढलेले, नेमबाजी जाणणारे आणि आज्ञा पाळणारे तरुण घडावेत, हे त्यांचे स्वप्न होते. अधिकार आणि कर्तव्य यांचा हा सांधा पुढे सुटला.

आजचा कायदा आणि आजचे व्यवहार

स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा १९५९ चा. तो १९६२ मध्ये अमलात आला. त्याखालील नियमांनी पॉइंट ३८० व पॉइंट ४५५ ची लष्करी काडतुसे झाडू शकणारी रिव्हॉल्व्हरे सामान्य परवानाधारकाच्या आवाक्याबाहेर ठेवली. त्यामुळे येथील नागरिकाचे रिव्हॉल्व्हर म्हणजे प्रायः पॉइंट ३२ चे. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या भीषण अत्याचारानंतर, जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या आयुध निर्माणीने महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे हलके रिव्हॉल्व्हर आणले, तेही याच व्यासाचे. वजन सव्वापाचशे ग्रॅम आणि किंमत सव्वा लाखाच्या घरात. ज्या कष्टकरी भगिनीला रात्रपाळीहून एकटीने परतावे लागते तिला ही किंमत कशी परवडावी, याचे उत्तर कुणाजवळ नव्हते. रस्त्यावरचा दिवा, वेळेवर येणारी बस आणि तत्पर पोलीस यांची उणीव रिव्हॉल्व्हर भरून काढू शकत नाही.

आत्मसंरक्षणाचा अधिकार कायद्याला पूर्णतः मान्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत तो स्पष्ट नमूद आहे. त्याची मर्यादाही तिथेच आहे. बचावासाठी जेवढे आवश्यक तेवढेच बळ वापरावे आणि पोलिसांकडे धाव घेण्यास अवधी असेल तर कायदा हाती घेऊ नये. २०१६ च्या नियमांनी परवान्यासाठी शस्त्र-सुरक्षा प्रशिक्षणाची तरतूद केली. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि लग्नात-मिरवणुकीत जिवाला धोका होईल असा गोळीबार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंतची कैद किंवा एक लाखापर्यंत दंड सांगितला. कायदा पुष्कळ आहे. अभाव आहे तो अंमलबजावणीचा. प्रशिक्षण प्रमाणपत्राच्या कागदापुरते उरते, राजकीय वरदहस्त असलेल्याला परवाना सुलभ होतो आणि खरोखर धोक्यात असलेला साधा माणूस कचेरीच्या पायऱ्या झिजवतो. निवडणूक आली की परवानाधारकाने आपले शस्त्र निमूटपणे जमा करावे आणि गुंडाचा गावठी कट्टा मात्र त्याच्या कमरेलाच राहावा, ही विसंगती कुणाही विचारी माणसाला खटकल्याशिवाय राहत नाही.

दोन वाटा

शस्त्र बाळगणे हा व्यक्तीचा अनिर्बंध हक्क मानला तर काय होते, हे पाहायला अमेरिका आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये घराबाहेरही शस्त्र जवळ ठेवण्याचा हक्क मान्य केला. त्याच देशात २०२१ या एका वर्षात बंदुकीने सुमारे ४८ हजार ८०० माणसे मेली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक मृत्यू आत्महत्यांचे होते. उशाशी ठेवलेले शस्त्र चोरावर चालण्याआधी घरातल्याच एखाद्या खचलेल्या जिवावर चालते. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी आणि येथे त्यांचे अनुकरण करू पाहणाऱ्यांनी हा आकडा डोळ्यांआड करू नये.

दुसरी वाट जम्मूच्या डोंगरांत दिसते. दहशतवाद्यांनी तेथील खेडी उजाड करायला घेतली तेव्हा १९९० च्या दशकाच्या मध्यास ग्रामसुरक्षा समित्या स्थापन झाल्या आणि गावकऱ्यांच्या हाती शासनानेच रायफली दिल्या. १ जानेवारी २०२३ रोजी राजौरीतील ढांगरी गावावर हल्ला झाला. त्या घटनेत सात जण बळी पडले. एका गावकऱ्याने आपली जुनी रायफल काढून हल्लेखोरांवर गोळी झाडली आणि ते पळाले, म्हणून संहार तेवढ्यावर थांबला. त्यानंतर केंद्रीय राखीव पोलीस दलाने तेथील ग्रामरक्षकांना नव्याने प्रशिक्षण दिले. ते शस्त्र कुणाच्या खिशात लपलेले नव्हते. ते कुणाकडे आहे हे साऱ्या गावाला आणि शासनाला ठाऊक होते आणि ते गावासाठी होते.

महाराष्ट्रालाही या वाटेची ओळख आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलाने सुवर्ण जिंकले. राधानगरी तालुक्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलने कांस्यपदक आणले. या यशामागे श्वास आवरण्याची, मन शांत ठेवण्याची वर्षानुवर्षांची साधना आहे. शस्त्र हाती घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने त्या साधनेचा दशांश तरी आधी आत्मसात करावा, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

शासनाने खऱ्या गरजूला ठरल्या मुदतीत परवाना द्यावा, नेमबाजीच्या मैदानावर प्रत्यक्ष परीक्षा घ्यावी आणि शस्त्र मिरवणाऱ्याचा परवाना त्याचा पक्ष न पाहता काढून घ्यावा. समाजाने तालुक्या-तालुक्यांत नेमबाजीचे वर्ग उभारावेत, राष्ट्रीय छात्रसेनेत मुला-मुलींना पाठवावे, मोहल्ला व ग्रामरक्षक दलांत पोलिसांच्या खांद्याला खांदा लावावा. आणि ज्या घरात शस्त्र आहे तेथील कर्त्या माणसाने ते कुलुपात ठेवावे, काडतुसे त्यापासून वेगळी ठेवावीत, मद्याचा थेंब आणि शस्त्र यांची गाठ कधीही पडू देऊ नये. येत्या दसऱ्याला त्या शस्त्राला गंधफूल वाहताना एवढा संकल्प झाला, तर ती पूजा सार्थकी लागेल.