मुळापासून म्हणजे किती?

माकडहाडाच्या वर, दोन कुल्ल्यांच्या फटीत एक बारीक छिद्र. त्यातून पू येतो, थांबतो, दोन महिन्यांनी पुन्हा ठणका सुरू होतो. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कंत्राटावर काम करणारा पोरगा हे दुखणं घरातही सांगत नाही. मोटारसायकलवर एका अंगावर कलून निपाणीहून ये-जा करतो. मुलींचं तर विचारूच नका, त्या आईलाही सांगत नाहीत. शेवटी बोभाटा होतो तेव्हा चारचौघांचा सल्ला ठरलेला असतो : "एकदाच मोठं ऑपरेशन कर आणि मुळापासून काढून टाक."

हा सल्ला आपुलकीचा आहे, पण सरसकट सगळ्यांना देण्याजोगा नाही.

त्यामागचा विचार आधी नीट मांडला पाहिजे. हे दुखणं, म्हणजे पायलोनिडल सायनस, हा जन्मजात दोष आहे, कातडीखाली राहून गेलेली पोकळी हाडापर्यंत कोरून काढली नाही तर तो परत येणारच, असं सांगतात. हे अडाणीपणाचं बोलणं नव्हे. 1880 मध्ये बोस्टनच्या हॉजेस या सर्जनने रोगाला नाव दिलं, त्याचा लॅटिनमधला अर्थ 'केसांचं घरटं'. त्यानंतर कित्येक दशकं मोठमोठे सर्जन या दोषाला जन्मजातच समजत होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यातले सुमारे 79 हजार जवान या दुखण्याने इस्पितळात पडले, सरासरी 55 दिवस. जीपच्या धक्क्यांनी होतो असं मानून त्याला 'जीपचा रोग' म्हणू लागले. मोठमोठ्या जखमा करूनही तो परतत होता.

जन्मजात दोषाच्या समजुतीला धक्का दिला एका न्हाव्याच्या हाताने. 1946 मध्ये पेटी आणि स्कार्फ या डॉक्टरांनी न्हाव्याच्या बोटांच्या बेचक्यात अगदी असाच सायनस असल्याचं दाखवून दिलं. आत केस होते, तेही गिऱ्हाइकांचे. दुसऱ्याचे केस कुणी जन्मतः घेऊन येत नाही. पुढे ग्रीसच्या कारिडाकिस या सर्जनने सुटे केस त्या फटीत कसे शिरतात हे मांडलं. म्हणजे ज्या 'मुळा'साठी ओंजळभर मांस काढायचं, ते मूळ म्हणजे बाहेरून घुसलेला केस आणि त्याला वाट देणारं छिद्र. पायात बाभळीचा काटा मोडला तर आपल्याकडचा शेतकरी सुईनं टोकरून तो काढतो, टाच कापायला बसत नाही.

छोटी शस्त्रक्रिया हेच करते. रुग्णाला पालथं झोपवून तेवढीच जागा लिग्नोकेनच्या इंजेक्शनने बधिर करतात. टोचताना झोंबतं, हे लपवू नये. मग ती छिद्रं काही मिलिमीटरच्या गोल पात्याने काढायची, आतले केस ओढून घ्यायचे, पोकळी खरवडून धुवायची. टाके नाहीत, पाठीच्या कण्यातली भूल नाही, माणूस त्याच दिवशी चालत घरी जातो. बॅस्कम या सर्जनने 1980 मध्ये याच धर्तीची पद्धत मांडली. इस्रायलच्या गिप्स यांनी 2008 मध्ये तब्बल 1,358 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. जखमा सरासरी साडेतीन आठवड्यांच्या आत भरल्या होत्या. हाडापर्यंत कोरून उघडी ठेवलेली जखम भरायला दोन-दोन महिने लागतात, रोज ड्रेसिंग आणि रोजची रजा. ज्याचा खाडा म्हणजे पगार कापला जाणार, त्याच्या घरात या फरकाला फार मोल आहे.

"पण पुन्हा होतं ना?" होतं. गिप्स यांच्याच रुग्णांत दहा वर्षांत 16.2 टक्के जणांना परत झालं, आणि फट सपाट करणाऱ्या लिम्बर्ग किंवा कारिडाकिस पद्धतीत हे प्रमाण कमी असतं, हे मी मान्य करतो. तरी हिशेब पुरता मांडा. परत झालं तर तीच छोटी शस्त्रक्रिया पुन्हा करता येते. मोठी जखम चिघळली तर मात्र माणूस आणखी अडकतो. शिवाय हा रोग मुख्यतः पंधरा ते तीस वयातला, चाळिशीनंतर बहुधा आपणच ओसरतो. ओसरणाऱ्या रोगासाठी पहिल्याच फेरीत एवढी मोठी किंमत कशाला?

मोठ्या शस्त्रक्रियेला जागा आहेच. अनेक तोंडं फुटलेला, दूर पसरलेला, वारंवार उलटलेला सायनस असेल तर तीच करावी. गळू भरून लाल झालं असेल तर आधी चीर देऊन पू काढावा, बाकीचं नंतर. माझं भांडण फक्त पहिल्या, छोट्या, साध्या सायनसलाही तोच मोठा कोयता लावण्याशी आहे.

या कामाला मोठं थिएटर लागत नाही. चांगला उजेड, निर्जंतुक साहित्य, बधिर करायचं औषध आणि शिकलेला हात लागतो. म्हणून हे शिक्षण तालुक्याच्या रुग्णालयांपर्यंत यायला हवं. प्रत्येकाने कोल्हापूर गाठावं असा हा आजार नाही.

आणि ज्याला हे दुखणं आहे त्याने लाजून वर्ष काढू नये. छिद्र लहान आहे तोवर सर्जनला दाखवा, तिथले केस काढत राहा, जागा स्वच्छ ठेवा. मोठं ऑपरेशन सुचवलं तर होकार देण्याआधी एवढं विचारा : "डॉक्टर, माझं जागेवर भूल देऊन छोट्यात होण्यासारखं आहे का? नसेल तर का नाही?"