बटणं आहेत, उपाय नाही

बटण दाबलं की काहीतरी घडतं, या भरवशावर व्हिडिओ गेम खेळला जातो. अमेरिकेतल्या रायन आणि एमी ग्रीन या दाम्पत्याने तो भरवसाच काढून घेतला. त्यांच्या मुलाला, जोएलला, वर्षाचा असताना मेंदूचा कर्करोग झाला. मार्च २०१४मध्ये, पाच वर्षांचा असताना, तो गेला. त्याच्या हयातीतच करायला घेतलेला ‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’ हा गेम जानेवारी २०१६मध्ये आला.

त्यात हॉस्पिटलच्या खोलीतला एक प्रसंग आहे. पोर रडतंय, अंगातलं पाणी कमी झालंय आणि पोटात काही ठरत नाही. आपण बापाच्या जागी. रस पाजून बघा, उचलून घ्या, फेऱ्या मारा; रडणं थांबत नाही. सिनेमात हेच पाहून आपण हळहळलो असतो. इथे करणारे आपण असतो, म्हणून हतबलताही आपल्या वाट्याला येते. पुढे हॉस्पिटलभर भेटकार्डं मांडलेली दिसतात. गेमसाठी पैसे देणाऱ्यांपैकी अनेकांनी आपापल्या आजारी किंवा गेलेल्या माणसांविषयी त्यांत लिहिलंय. मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण एका घराच्या दुःखात इतरांनाही जागा मिळते.

अशा गेममधून दुसऱ्याचं दुःख जसंच्या तसं भोगता येतं, असा दावा कुणी केला तर तो मात्र मला मान्य नाही. गेम बंद करता येतो. ग्रीन कुटुंबाला ती मुभा नव्हती. तरीही मुलाच्या उशाशी बसलेल्या बापाला ‘धीर धरा’ म्हणण्याआधी आपण थबकलो, तर या गेमने पुष्कळ साधलं.