विश्लेषण : ट्रेकला तंबूऐवजी हॅमॉक? पहिल्या खरेदीआधी झाड, पट्टा आणि पाऊस यांचा विचार का हवा?

पावसाळा सरला की नावडे, तळोजा, कळंबोली, खारघर परिसरातील तरुणांची पावले प्रबळगड, पेब, माथेरानच्या वाटांकडे वळतात. एका रात्रीच्या मुक्कामासाठी तंबूऐवजी हॅमॉक घ्यावा का, असा प्रश्न त्यांच्यापैकी अनेकांना पडतो. ऑनलाइन बाजारात साधा हॅमॉक हजार-दोन हजार रुपयांत मिळतो आणि रीलमध्ये तो फार सोपा दिसतो. मात्र इंटरनेटवरील खरेदीच्या बहुतेक याद्या थंड प्रदेशातील जंगलांसाठी केलेल्या असतात. कोकणच्या दमट हवेत आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी त्यांचा क्रम बदलावा लागतो. तो कसा, याचा हा आढावा.

हॅमॉक म्हणजे काय?

सोप्या शब्दांत, दोन टोकांना बांधलेली कापडी झोळी. साडीच्या झोळीत बाळाला निजवणाऱ्या महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. ‘हॅमॉक’ हा शब्द मात्र कॅरिबियन बेटांवरील मूळ रहिवाशांच्या भाषेतून आला. कोलंबसच्या १४९२ च्या सफरीनंतर तो युरोपात पोहोचला आणि पुढे जहाजांवरील खलाशांचा बिछाना झाला. आजच्या कॅम्पिंग हॅमॉकमध्ये झोळीबरोबर झाडाला गुंडाळायचे दोन पट्टे, मच्छरदाणी, वरचे छत आणि पाठीखालची चटई असा संच असतो. म्हणजे विकत घेतलेली झोळी हा संचाचा फक्त एक भाग असतो. नवशिक्यांची पहिली चूक इथेच होते.

तंबूपेक्षा फायदा काय, मर्यादा काय?

सह्याद्रीत सपाट, कोरडी जमीन मिळणे कठीण. उतार, दगड, मुळे यांवर तंबू नीट लागत नाही, हॅमॉकला त्याची अडचण नाही. दुसरा फायदा विंचू-सापांपासून अंतर राहण्याचा. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना तिचा दंश होण्याच्या घटना ग्रामीण भागात नव्या नाहीत. विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा वापर रूढ करणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे कामही याच रायगड जिल्ह्यातील रुग्णांवर उभे राहिले. अर्थात हॅमॉकमध्ये झोपले तरी बूट जमिनीवर ठेवू नयेत. ते पट्ट्याला टांगावेत आणि सकाळी झटकूनच घालावेत.

मर्यादा एकच, पण मोठी. झाडे नसतील तर हॅमॉक निरुपयोगी. कलावंतीणसारख्या सुळक्यांवर किंवा उघड्या पठारांवर तो बांधता येत नाही. त्यामुळे मुक्कामाची जागा आधी ठरवावी, सामान नंतर घ्यावे.

कोणती झोळी घ्यावी?

सर्वात महत्त्वाची गोष्ट लांबी. स्वस्त हॅमॉक बहुधा २६० ते २७० सेंटिमीटर लांब असतात. त्यात दुपारी तासभर पडणे ठीक, पण रात्रभर शरीर केळ्यासारखे वाकते आणि सकाळी कंबर धरते. मध्यम उंचीच्या माणसाने किमान ३०० सेंटिमीटर, शक्य असल्यास ३३० सेंटिमीटरच्या आसपासची झोळी घ्यावी. लांब झोळीत थोडे तिरके झोपले की पाठ बरीचशी सरळ राहते. तिरके झोपणे ही हॅमॉकमधील झोपेची खरी युक्ती आहे.

‘सिंगल’ आणि ‘डबल’ हे शब्दही फसवे आहेत. ते रुंदी सांगतात. ‘डबल’ म्हणजे दोघांनी झोपायचे असे नाही. एका माणसाला तिरके झोपण्यासाठी ती जास्तीची रुंदी उपयोगी पडते. कापड नायलॉन किंवा पॉलिस्टरचे असावे. सुती झोळी अंगाला बरी वाटते, पण दमट हवेत ती वाळत नाही, जड होते आणि कालांतराने कुजते.

पट्ट्यांवर ताण किती येतो?

इथे शाळेतले त्रिकोणमितीचे गणित कामी येते. ७५ किलो वजनाचा माणूस झोळीत झोपला आणि पट्टे आडव्या रेषेपासून ३० अंशांच्या कोनात असले, तर प्रत्येक पट्ट्यावर साधारण ७५ किलोचा ताण येतो. झोळी घट्ट ओढून हा कोन १५ अंश केला, तर ताण सुमारे १४५ किलो होतो. ५ अंशांवर तो ४३० किलोपर्यंत जातो. म्हणजे झोळी जितकी ताठ, तितका पट्टा, गाठ आणि झाड यांवरचा भार जास्त. ‘सैल राहिली तर पडू’ असे वाटून नवशिके ती ताणतात आणि नेमका धोका वाढवतात.

म्हणून पट्टा ३० अंशांच्या कोनात ठेवावा. दोन झाडांतील अंतर चार ते पाच मीटर असावे आणि माणूस बसल्यावर झोळी जमिनीपासून खुर्चीइतकी, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर वर असावी. दरीच्या कडेला किंवा पाण्यावर झोळी टांगणे फोटोपुरतेही नको.

पट्टा किमान २५ मिलिमीटर रुंद आणि पॉलिस्टरचा घ्यावा. नायलॉनचा पट्टा भाराखाली लांबतो आणि पहाटेपर्यंत पाठ जमिनीला टेकते. संचासोबत येणारे हुक नीट तपासावेत. किल्ल्या अडकवण्याच्या दर्जाचे हुक काही स्वस्त संचांत असतात. जाहिरातीतील ‘३०० किलो क्षमता’ झोळीची आहे, पट्ट्याची की हुकाची, हेही पाहावे. संचाची ताकद त्यातील सर्वात कमकुवत वस्तूइतकीच असते.

घरी सराव करताना काय टाळावे?

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना बाल्कनीच्या ग्रिलला किंवा गच्चीवरील खांबाला झोळी बांधून पाहण्याचा मोह होतो. तो टाळावा. वरच्याच उदाहरणात, ३० अंशांच्या कोनातही प्रत्येक बाजूला सुमारे ६५ किलोची आडवी ओढ बसते. ग्रिल आणि विटांचे खांब अशा आडव्या ओढीसाठी बांधलेले नसतात. अमेरिकेतील ओहायो राज्यात २०२० मध्ये हॅमॉक बांधलेला विटांचा खांब कोसळून दोन बहिणींचा मृत्यू झाला होता. सराव ओळखीच्या वाडीत, भक्कम झाडांवरच करावा.

कोणते झाड चालेल?

झाड जिवंत, सरळ आणि किमान १५ ते २० सेंटिमीटर जाडीचे हवे. आंबा, जांभूळ, ऐन, पुरेसा जाड साग यांची निरोगी खोडे चालतात. शेवगा आणि पांगारा यांचे लाकूड ठिसूळ, त्यांना हात लावू नये. गुलमोहराची मुळे उथळ असतात आणि पावसाळ्यात तो उन्मळून पडल्याच्या बातम्या शहरांत दरवर्षी येतात. सावरीच्या खोडावर काटे असतात. नारळाचे खोड भक्कम, पण वरून पडणाऱ्या नारळाचे आणि झावळीचे काय? म्हणून झाड निवडताना आधी वर पाहावे. वाळलेली फांदी दिसली तर दुसरे झाड शोधावे.

झाडाचाही विचार हवा. सालीखालच्या थरातून पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे जाते. बारीक दोरी साल कापते आणि तो थर चिरडते. रुंद पट्ट्याने भार पसरतो. खिळा किंवा स्क्रू तर नकोच. शहरी भागातील झाडांना राज्याच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

मच्छरदाणी, छत आणि चटई : आधी काय घ्यावे?

परदेशी याद्यांत पाठीखाली बांधायच्या गरम रजईला वरचे स्थान असते आणि ती महागही असते. त्यामागचे कारण खरे आहे. झोळीखालून वारा वाहतो आणि पाठ गार पडते. स्लीपिंग बॅगचा खालचा भाग दबला की त्यातील हवा निघून जाते आणि ऊब मिळत नाही. पण नावड्यापासून तासा-दोन तासांच्या अंतरावर, वर्षातील बहुतेक महिने एवढ्या थंडीचा प्रश्नच येत नाही. तापमान २० अंशांच्या खाली गेले तर पाठीला गारवा जाणवू लागतो. डिसेंबर-जानेवारीत माथेरानसारख्या उंचीवर रात्री असे होते. त्यासाठी फोमची साधी चटई आणि घरातली चादर पुरते.

इथे पहिला मान मच्छरदाणीचा. मलेरियाचा डास रात्री चावतो, डेंग्यूचा बहुतांशी दिवसा. म्हणजे दुपारच्या विश्रांतीलाही जाळी हवी. झोळीला शिवलेली, चेनची जाळी नवशिक्यांना सोयीची. डास पातळ कापडातून खालूनही चावतात, हे अनेकांना पहिल्या रात्रीच कळते. पाठीखाली चटई घातली की हाही प्रश्न सुटतो.

दुसरा मान छताचा. तीन मीटर बाय तीन मीटरचे चौकोनी कापड कोपऱ्यावरून तिरके बांधले तर त्याचा कर्ण ४.२ मीटरच्या पुढे जातो आणि झोळी पूर्ण झाकली जाते. हलके छत महाग वाटत असेल, तर सुरुवातीला साधी ताडपत्रीही चालते. ती जड असते इतकेच. छत असूनही अंथरूण भिजते, ते पट्ट्यांमुळे. खोडावरून ओघळणारे पाणी पट्ट्यावरून थेट झोळीत येते. छताच्या आतल्या बाजूला, पट्ट्यावर सुतळीचा तुकडा बांधून खाली सोडला की पाणी त्यावरून जमिनीवर ठिबकते.

मुक्कामाला परवानगी लागते का?

जागेवर अवलंबून आहे. पनवेलजवळचे कर्नाळा हे अभयारण्य आहे आणि अभयारण्यातील प्रवेशाला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो. राखीव जंगलात विनापरवाना शिरणे आणि आग पेटवणे हे १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २६ नुसार गुन्हे आहेत. केंद्रीय संरक्षित स्मारके सर्वसाधारणपणे सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्याच वेळेत खुली असतात. म्हणून पहिल्या मुक्कामासाठी खासगी जागा बरी. प्रबळमाचीवर गावकरी जेवण आणि मुक्कामाची सोय करतात. जागामालकाला आधी विचारावे, कोणते झाड भक्कम हे त्यांनाच जास्त ठाऊक असते. एखाद्या संयोजकाबरोबर जात असाल, तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार त्याने नोंदणी केली आहे का, हे विचारून घ्यावे.

कधी जाऊ नये?

जून ते सप्टेंबर हॅमॉक घरीच ठेवावा. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि झोपेतल्या वस्तीला सावरायलाही वेळ मिळाला नाही. ते ठिकाणही याच डोंगररांगांतले. डोंगरउतारावर रात्र काढायची जोखीम किती मोठी असते, हे समजायला आणखी उदाहरण नको. धबधबे आणि डोंगरवाटांवर पावसाळ्यात प्रशासन बंदी आदेश काढते, तेही पाहावेत.

परतीच्या पावसाचे ऑक्टोबरचे दिवस आणि मे महिन्यातील वळीव यांचा धोका वेगळा. विजा चमकत असताना झाडाखाली थांबू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. हॅमॉक मात्र झाडालाच बांधलेला असतो. त्यामुळे गडगडाट ऐकू येताच झोळी सोडून पक्क्या घरात जाणे हाच उपाय. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अॅप आसपासच्या विजांचा इशारा देते, ते निघण्यापूर्वीच मोबाइलमध्ये घेऊन ठेवावे. डोंगरात नेटवर्कची खात्री नसते, हेही लक्षात ठेवावे. नवशिक्यांसाठी नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी हा काळ सर्वात योग्य.

खरेदीचा क्रम काय असावा?

पैसे मोजकेच असतील, तर सर्वात आधी चांगले रुंद पट्टे आणि खात्रीचे हुक. मग पुरेशा लांबीची, जाळी शिवलेली झोळी. मग छत. चटई बहुधा घरात असतेच. गरम रजईचा विचार उत्तरेकडच्या हिमालयातील ट्रेक ठरल्यावर करावा. हा सगळा संच साधारण दोन किलोंत बसतो.

त्याआधी शक्य असल्यास मित्राचा हॅमॉक मागून एक पूर्ण रात्र काढून पाहावी. सर्वांनाच त्यात झोप लागते असे नाही. पोटावर झोपणाऱ्यांना तो जमत नाही आणि पाठीचे दुखणे असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रयोग करू नये. ती पहिली रात्र गावाजवळ, घर हाकेच्या अंतरावर असेल अशा ठिकाणी काढावी. आधी हळूच बसून पूर्ण भार देऊन पाहावा, पट्टा किती लांबतो ते तपासावे आणि मगच पाय वर घ्यावेत. पट्ट्यांची ही तपासणी दर मुक्कामाला पुन्हा करावी लागते, कारण उन्हाने आणि घर्षणाने ते विरत जातात. धागे निघालेला पट्टा मात्र शिवून वापरू नये. नवा पट्टा घेण्याचा खर्च दवाखान्याच्या बिलापेक्षा खूपच कमी असतो.