भिंग आणि नजर

कॅनन कंपनीनें १९९२ सालीं ‘ईओएस ५’ हा फिल्मचा कॅमेरा काढला. धंदेवाईक छायाचित्रकार आणि हौशी अभ्यासक यांच्या मधल्या वर्गासाठीं तो होता. त्याचें नवल असें कीं, पाहणाऱ्याच्या डोळ्यावर अदृश्य अवरक्त किरण सोडून नजर कोठें वळली हें तो ओळखी, आणि एका ओळींतील ५ बिंदूंपैकीं तिच्या जवळचा बिंदु निवडून भिंग आपोआप तेथें जुळवी. मात्र डोळ्याची ओळख त्यास आधीं करून द्यावी लागे. सेकंदास ५ चित्रें या वेगानें ३६ चित्रांची फिल्म सातआठ सेकंदांत संपे.

अशीं यंत्रें आल्यावर छायाचित्रकारास शिकण्यासारखें कांहीं उरलें नाहीं, असें कित्येक म्हणतात. आम्हांस तें पटत नाहीं. नजर जाईल तेथें भिंग जाणार. नजर भरकटली तर भिंगही भरकटणारच. यंत्रानें हाताचे श्रम वाचविले, पण काय पाहावें हें ठरविण्याचा भार डोळ्यावरच ठेविला. आजच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यासही हेंच लागू आहे. म्हणून पालकांनीं मुलांच्या हातीं कॅमेरा अवश्य द्यावा. परंतु त्याआधीं एखादें झाड, एखादा चेहरा घटकाभर नीट न्याहाळण्याची संवय त्यांस लावावी.